पोकळ बोल्ट

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, पस्तीस वर्षं एका कारखान्यात तपासनीस होते. बाकीचे लोक वस्तू बनवत आणि भाऊजी त्या नापास करत. दोन्ही कामांना पगार मिळतो, हे मला त्यांच्यामुळे कळलं. त्यांच्या टेबलावर रंगाच्या दोन डब्या असायच्या. पास झालेल्या तुकड्यावर हिरवा ठिपका, नापास झालेल्यावर लाल. लाल डबी दर महिन्याला संपायची. हिरवी ते नोकरीला लागले त्या दिवशी उघडली होती, आणि ते निवृत्त झाले तेव्हा निम्मी शिल्लक होती.

घरातही हाच कारभार. दाराची फट, पडद्याची लांबी, माझं एकंदर आयुष्य, सगळ्यावर एक नजर टाकून ते "हं" म्हणत. हा "हं" नाकातून यायचा आणि त्याच्यावर अपील नव्हतं. ताईशी लग्न होऊन चाळीस वर्षं झाली, तरी ती पास की नापास हे त्यांनी अजून कळवलेलं नाही. "माझी फाइल विचाराधीन आहे," असं ताई सांगते.

त्यांचा नियम एकच, आणि तो ते आल्यागेल्याला ऐकवायचे. तपासणाऱ्याने वस्तूला हात लावायचा नाही. मोजायचं, लिहायचं, ठिपका द्यायचा आणि बाजूला व्हायचं. "एकदा का तुम्ही पाना हातात घेतलात की चूक तुमची," ते म्हणत. "मग नापास कुणाला करणार?" पस्तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही चूक झाली नाही, कारण पस्तीस वर्षांत त्यांनी काही केलंच नाही, असं मी एकदा जेवताना म्हणालो होतो. त्यावर त्यांनी मला "हं" केलं.

अशा माणसाच्या घरात मुलगा जन्माला आला तो नेमका हातांनी कामं करणारा. माझा भाचा आठव्या वर्षी घड्याळं उघडायचा आणि बाराव्या वर्षी ती परत लावायलाही लागला. सव्विसाव्या वर्षी त्याने स्वतःच्या कमाईतून एक जुनी छोटी गाडी आणली आणि तिच्या इंजिनाला टर्बो बसवायला घेतला. टर्बो म्हणजे, मला समजलं तेवढं सांगतो, एका दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे. इंजिनाचा धूर बाहेर जाता जाता एक पंखा फिरवतो, दुसरा पंखा त्याच जोरावर बाहेरची हवा इंजिनात कोंबतो. हवा जास्त, पेट्रोल जास्त, जोर जास्त. हा दांडा मिनिटाला लाखभर फेऱ्या मारतो आणि तरंगतो कशावर, तर तेलाच्या एका पातळ थरावर. ते तेल बोटाच्या पेराएवढ्या एका पोकळ बोल्टातून येतं. बोल्टाच्या पोटातलं भोक काडीएवढं. तेवढं बुजलं की टर्बो चार-पाच मिनिटांत संपतो.

हे सगळं तेव्हा मला माहीत नव्हतं. भाऊजींना होतं.

भाचा वर्षभर गॅरेजात राबला. भाऊजी कामावरून आले की दारात उभे राहून आत टॉर्चचा झोत टाकायचे, "हं" म्हणायचे आणि हातपाय धुवायला जायचे. इंजिन पहिल्यांदा सुरू करायच्या दिवशी भाच्याचे सात-आठ मित्र जमले होते. मीही होतो. इंजिन सुरू झालं, गोड आवाज आला, त्याच्यावर टर्बोची बारीक शीळ आली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. चौथ्या मिनिटाला शीळ थांबली आणि पातेल्यात मूठभर खिळे टाकून कुणीतरी ढवळतंय असा आवाज आला. दांडा मोडला होता, पंख्याचे तुकडे थेट इंजिनात गेले होते. निळ्या धुराने गॅरेज भरलं.

पोरं खोकत धूर निवळायची वाट पाहत होती. मग दारातून भाऊजी म्हणाले, "रिजेक्ट."

वर्षभराच्या कामावर एवढा एकच शब्द, आणि तोही मित्रांदेखत. महिन्याभरात भाच्याने दुसऱ्या गावी नोकरी धरली, लोकांच्या गाड्या ट्यून करून देणाऱ्या एका वर्कशॉपात. त्याची स्वतःची गाडी मात्र ताडपत्रीखाली तशीच राहिली. दर रविवारी तो ताईला फोन करायचा. बोलणं संपत आलं की ताई फोन भाऊजींच्या कानाला लावायची.

"बरंय?"

"बरंय."

सहा वर्षं बापलेकांचं संभाषण एवढंच. त्यात "हं"सुद्धा नव्हता.

भाऊजी निवृत्त झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात ताईचा मला फोन आला. "तू ये बाबा. ते माझ्या चमच्यांची जाडी मोजतायत." मी गेलो, तर भाऊजींनी जाहीर केलं की ते चिरंजिवांचं इंजिन नव्याने बांधणार आहेत. स्वतःच्या हातांनी.

"तुम्ही?" मी म्हटलं. "पाना धरून?"

"धरता येतो मला पाना."

"धरता सगळ्यांनाच येतो, भाऊजी."

ताईने मला स्वयंपाकघरात ओढून नेलं. "गप्प बस," ती म्हणाली. "त्याने येऊन गाडी घेऊन जावी, असं आहे त्यांच्या मनात. तोंडाने 'ये' म्हणता येत नाही त्यांना. म्हणून इंजिन करतायत."

"म्हणजे सोपा मार्ग काढलाय," मी म्हटलं.

रविवारी तिने भाच्याला विचारलं. त्याने आधी "बाबा? पाना धरून?" असं विचारलं. मग म्हणाला, "करू देत. पण बाबांनी स्वतः उघडावं. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका." ताईला भरून आलं. मलाही बरं वाटलं. पोराने वडिलांवर विश्वास टाकला, असा आम्ही अर्थ लावला. अर्थ लावण्यात आम्ही बहीणभाऊ लहानपणापासून कच्चे आहोत.

माझी नेमणूक साक्षीदार म्हणून झाली. त्यांच्या कारखान्यात तपासणीच्या प्रत्येक कागदावर दोन सह्या लागत, एक तपासणाऱ्याची आणि एक समोर उभं राहून पाहणाऱ्याची. "सही येते ना, मेहुणे?" त्यांनी विचारलं. मी एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालोय. तीस वर्षं दुसरं काही केलेलंच नाही. कागद समोर आला की डोळे पोचायच्या आत माझा हात सही करून मोकळा होतो.

पुढचे पाच महिने त्या घरात माणसं पाहुण्यांसारखी राहिली आणि इंजिन घरच्यासारखं. जेवणाच्या टेबलावर वॉल्व्ह, पलंगाखाली क्रँकशाफ्ट, न्हाणीघराच्या बादलीत नट. प्रत्येक भागाला एक क्रमांक, आणि वहीत त्या क्रमांकाची एक ओळ: माप काय, दोष काय, दोषाचं कारण काय, उपाय काय. एकूण एकेचाळीस ओळी.

एकदा मी गार पाण्यासाठी फ्रीज उघडला. बर्फाच्या शेजारी कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"पिस्टनच्या पिना," ताई म्हणाली. "गार केल्या की आकसतात. आणि ओव्हनमध्ये पिस्टन आहेत, ते फुगतायत. मग एकमेकांत नीट बसतात म्हणे." जरा थांबून ती म्हणाली, "आमच्यासाठी कुणी एवढी खटपट केली नाही."

भाऊजी काम मात्र चांगलं करत होते. हे लिहिताना मला त्रास होतो, पण करत होते. एकेक बेअरिंग सात-सात वेळा मोजायचे. बोटं सोलवटली होती, नखांत काळं गेलं होतं, ते साबणाने निघत नव्हतं आणि मला वाटतं त्यांना ते काढायचंही नव्हतं. पण मापं जसजशी वहीत चढली तसतसा त्यांचा चेहरा बदलायला लागला.

"मेहुणे, हे बघा. या रिंगांच्या फटी. एकेक घासून सारखी केलीय त्याने." त्यांनी पट्टी फटीत सरकवली, काढली, परत सरकवली. "पास आहे."

हा शब्द दुसऱ्याच कुणीतरी उच्चारला असावा तसं त्यांनी आजूबाजूला पाहिलं. दुसऱ्या दिवशी आणखी चार पास. त्याच्या दुसऱ्या दिवशी तीन. हिरवी डबी घरी आणलेली होती, तिचं झाकण उघडेना, म्हणून गरम पाण्यात ठेवावी लागली. सोळा ओळी झाल्या आणि प्रत्येक ओळीत कारणाच्या रकान्यात एकच मजकूर: तुटक्या पंख्यामुळे नुकसान, मूळ काम ठीक.

"मग मोडलं कशाने?" मी विचारलं.

"सापडेल. कारण असतंच. चिरंजीव कुठेतरी चुकलेच असणार."

सतरावी ओळ त्या पोकळ बोल्टाची होती. त्यांनी तो सोडवला, रॉकेलमध्ये बुडवून पुसला आणि सवयीने तोंडाला लावून फुंकला. हवा गेली नाही. परत फुंकला. मग ताईच्या शिवणाच्या डब्यातली सुई आणून भोकात घातली, आणि आतून निळ्या रंगाची एक वळकटी बाहेर आली, वाळलेली, अळीसारखी.

भाऊजींनी ती तळहातावर घेतली, नखाने दाबून पाहिली. मी वाट पाहत होतो की आता लाल डबी मागतील. ते स्टुलावर बसले.

"हा आमचा लेप आहे," ते म्हणाले.

"आमचा म्हणजे?"

"आमच्या खात्यातला. सांधे गळू नयेत म्हणून लावतात. हा रंग कारखान्यासाठी मुद्दाम करून घेतात, बाजारात मिळत नाही."

"मग इथे कसा आला?"

त्यांनी वळकटी वहीच्या पानावर ठेवली, व्हर्निअर घेऊन तिची लांबी मोजली आणि कुठे लिहिली नाही.

"आदल्या संध्याकाळी," ते म्हणाले, "तो आंघोळीला गेला होता. मी टॉर्च मारला तर या जोडावर ओशट दिसलं. एक थेंब. म्हटलं, उद्या पोरं येणार, सगळ्यांसमोर गळायला नको. माझ्या पिशवीत ट्यूब होती. बोल्ट काढला, जरासा लेप लावला, परत बसवला. दोन मिनिटांचं काम."

"जरासा?"

"बोटाने लावला. मला अंदाज नाही. मी कधी लावला नव्हता."

केसाच्या दहाव्या हिश्शाचा फरक पकडणारा माणूस असं म्हणत होता.

"आणि मग दारात उभं राहून तुम्ही त्याला..."

"तेव्हा मला माहीत नव्हतं." सुई परत डब्यात ठेवत ते म्हणाले, "तेव्हा मी विचार केला नाही."

"आता सांगाल ना त्याला?"

"सांगायला कशाला हवं? रिपोर्टात येईलच. सतरावी ओळ." त्यांनी वही ओढली. बाकीच्या सोळा ओळी शाईने लिहिलेल्या होत्या. ही त्यांनी पेन्सिलने लिहिली: लेपामुळे तेलाचा मार्ग बंद. कारणाचा रकाना रिकामा ठेवला. मग बोल्ट माझ्या हातात दिला. "नवीन आणतो. हा टाका कुठेतरी."

मी तो कोटाच्या खिशात टाकला. त्या घरातून माझ्या घरापर्यंत कचऱ्याच्या तीन पेट्या लागतात. तिन्ही वेळा मला वाटलं, पुढच्या पेटीत टाकू.

इंजिन उभं राहिलं. शेवटची एक गोष्ट भाऊजींच्या आवाक्यातली नव्हती. कुठल्या वेगाला किती हवा आणि किती पेट्रोल द्यायचं याचा तक्ता गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो, तो सुधारत न्यायचा म्हणजे ट्यूनिंग. त्यासाठी भाचा हवा होता. ताईने फोन केला आणि तो "येतो" म्हणाला.

आदल्या दिवशी भाऊजींनी वहीवरून रिपोर्टाची पक्की प्रत केली, कोरीव अक्षरात, सहा पानं. मला सह्यांसाठी बोलावलं. पहिल्या पानावर केली. दुसऱ्यावर केली. तिसऱ्या पानावर, जन्मात पहिल्यांदाच, सही करण्यापूर्वी मी वाचलं. क्रमांक सतरा, तेलाचा पोकळ बोल्ट. दोष नाही. बदलला.

"भाऊजी, हे काय?"

"कागदावर बरं दिसत नाही ते," ते म्हणाले. "कागद कायमचा राहतो. तोंडी सांगीन मी. येतोच आहे ना उद्या."

"नक्की?"

"तुम्हाला काय मी खोटा वाटतो?"

या प्रश्नाला आमच्या नात्यात एकच उत्तर असतं. मी सही केली.

भाचा सकाळच्या बसने आला. बत्तीस वर्षांचा झाला होता, कानांशी दोन-तीन पांढरे केस. ताईने त्याला दारातच धरून ठेवलं, मग सोडलं. बापलेक समोरासमोर आले.

"बरंय?"

"बरंय."

एवढं झाल्यावर दोघांनाही पुढे काय म्हणायचं हे माहीत नव्हतं, म्हणून ते गॅरेजात गेले.

तिथे भाचा वेगळाच माणूस होता. इंजिनाभोवती एक फेरी मारली, इथे बोट लावलं, तिथे वाकून पाहिलं. भाऊजी भिंतीला टेकून उभे, हाताची घडी, आणि मी शपथेवर सांगतो, ते घाबरले होते. पस्तीस वर्षं ते ज्या जागी उभे होते तिच्या समोरची जागा त्यांनी पहिल्यांदा पाहिली.

"इंजिन पेटवायच्या आधी नुसतं फिरवून घेऊ," भाचा म्हणाला. "तेल टर्बोपर्यंत पोचतंय का ते पाहू." त्याने टर्बोखालची तेल परतीची नळी सोडवली, खाली वाटी धरली. "फिरवा, बाबा."

भाऊजींनी किल्ली फिरवली. इंजिन कण्हलं. काही नाही. पुन्हा. मग नळीतून एक थेंब आला, दोन, आणि मधासारखी धार लागली.

"तेल येतंय," भाचा म्हणाला. वाटी तशीच धरून तो वर न बघता म्हणाला, "मागच्या वेळी इथे का पोचलं नसेल, बाबा?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागलो. ते दोन वर्षांपूर्वीचं होतं.

"तेव्हा," भाऊजी म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "गाळ असेल. जुनं तेल."

"मी नवीन घातलं होतं."

"मग काय सांगणार. सहा वर्षं झाली."

"हो. झाली खरी," भाचा म्हणाला, आणि नळी परत लावायला लागला.

इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. चार मिनिटं आम्ही तिघं घड्याळाकडे बघत उभे होतो. ताईही पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. चौथं मिनिट गेलं, पाचवं गेलं, शीळ चालू होती. सहाव्या मिनिटाला ताई म्हणाली, "बरं, मी टेबल पुसून घेते. आता त्याच्यावर माणसं जेवतील." आणि ती आत जाऊन रडली. हे मला नंतर कळलं.

मग आम्ही गावाबाहेरच्या सरळ रस्त्याला गेलो. भाऊजी चालवत होते, भाचा शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन, मी मागे. तो तास मी विसरणार नाही. दोघं नुसते आकडे बोलत होते.

"तिसऱ्यात ठेवा. आता दाबा. सोडा."

"हवा?"

"अर्धा बार. आज एवढाच जोर. रिंगा अजून बसायच्यात."

"तेलाचा दाब?"

"चार."

"चार म्हणजे उत्तम."

"उत्तमच."

मध्येच भाऊजी हसले. मला वाटतं, त्यांना ते कळलं नाही. एका वळणावर त्यांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन चालूच ठेवलं आणि समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "तुझं मूळ काम पास होतं. एकूण एक. मोजलंय मी."

भाच्याने लॅपटॉप मिटला. तो त्यांच्याकडे वळला आणि तसाच बघत राहिला. मागच्या सीटवर मी पुढे सरकून बसलो. बोल्ट खिशातून मांडीला टोचत होता. आता पुढचं वाक्य येणार होतं. गाडी चालू होती, दार बंद होतं, पळायला जागा नव्हती, आणि पहिलं वाक्य बोलून झालं होतं. अवघड वाक्य खरं म्हणजे तेच होतं.

"मग?" भाचा म्हणाला. अगदी हळू.

"मग काय," भाऊजी म्हणाले. "नशीब."

भाच्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग लॅपटॉप उघडला. "चला, अजून दोन फेऱ्या घेऊ," तो म्हणाला. तेव्हापासून तो सभ्य झाला. "हो बाबा", "नक्की बाबा", "छान केलंय बाबा". बँकेतला माणूस खिडकीपलीकडून बोलतो तसा. आपलं पोर आपल्याशी भांडतं तेव्हा घर असतं. ते सभ्य वागायला लागलं की समजावं, आपण आता गिऱ्हाईक झालो.

जेवणानंतर भाऊजींनी रिपोर्ट त्याच्यापुढे ठेवला. त्याच्या वर गाडीची किल्ली ठेवली.

"पाचशे किलोमीटर हलक्या हाताने चालवावी लागेल," ते म्हणाले. "तुझ्या गावापर्यंत जाऊन-येऊन तेवढं सहज होईल." एवढं लांब आमंत्रण त्यांनी आयुष्यात कुणाला दिलं नव्हतं.

भाच्याने किल्ली उचलून बाजूला ठेवली आणि रिपोर्ट वाचायला घेतला. पहिलं पान, दुसरं पान. प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचत होता. तिसऱ्या पानावर बोट थांबलं. मी माझ्या ताटाकडे पाहिलं, ते रिकामं होतं. मग बोट पुढे सरकलं आणि तो उरलेली तीन पानं भराभर उलटून गेला.

"सुंदर काम झालंय," तो म्हणाला. "गाडी तुम्हीच वापरा, बाबा. मला तिकडे ठेवायला जागा नाही." किल्ली त्याने रिपोर्टावर ठेवली, जशी होती तशी. "निघतो आई. साडेतीनची बस आहे. मामा, चल थांब्यापर्यंत."

थांब्यापर्यंत तो माझ्या पुढे चालत होता. तिथे बाकावर बसल्यावर म्हणाला, "तो बोल्ट मी त्याच आठवड्यात उघडला होता, मामा."

माझा हात आपोआप खिशात गेला.

"निळा लेप होता आत. ती ट्यूब बाबांच्या पिशवीत कायम असायची, मी लहानपणापासून पाहतोय. बघितलं आणि परत तसाच लावून ठेवला."

"का रे? बोलायचंस की."

"मी बोललो असतो तर ते 'हं' म्हणाले असते." तो हसला. हसणं हुबेहूब भाऊजींचं होतं, नाकातून. "म्हटलं, त्यांच्या हातानेच निघू दे. ते कधीतरी उघडतील, आणि उघडलं की बोलतील. नियमाचा माणूस आहे. मला गाडी नको होती, मामा. इंजिन मी दहा बांधलीयत त्यानंतर. मला ती एक ओळ हवी होती."

"अरे, ते तोंडी सांगणार होते."

"तुला माहीत होतं तर."

मी बस ज्या बाजूने येते तिकडे बघायला लागलो. 

"सतरा नंबरला 'दोष नाही' लिहिलंय," तो म्हणाला. चिडून नाही, एखाद्या परगावच्या माणसाला पत्ता समजावून सांगावा तसं. "खाली सही तुझी आहे."

माझा हात खिशात होता. बोल्ट मुठीत होता, गरम झाला होता. काढून त्याच्या हातावर ठेवला असता तर काय झालं असतं, हे मला सांगता येत नाही, कारण मी तो काढला नाही. बस आली. तो चढला, खिडकीपाशी बसला आणि त्याने मला हात केला. मुलगा सभ्यच आहे.

परत आलो तर भाऊजी गॅरेजात. बॉनेट उघडं, हातात टॉर्च.

"काय म्हणाला?"

"काही नाही. बसला गर्दी होती."

"गाडी का नेली नाही त्याने?" त्यांनी विचारलं, आणि माझ्याकडे पाहायचं टाळलं. "काहीतरी राहिलंय माझ्या हातून. त्याची नजर बारीक आहे. सापडेल."

त्यांनी कोरी वही काढली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मी साक्षीदाराच्या जागी उभा राहिलो. एक, दोन, तीन. प्रत्येक भागावर, आत असेल तर त्याच्या वरच्या झाकणावर, टॉर्च, मग बोट, मग ओळ. पंधरा. सोळा. मग झोत त्या नव्या चकचकीत बोल्टावर आला आणि थांबला. मी यायच्या आधी त्यांनी इंजिन सुरू करून पाहिलं होतं, ते थंड होताना कुठेतरी टिक-टिक वाजत होतं. भाऊजींनी पेन वहीवर टेकवलं, उचललं. झोत पुढे सरकला.

"अठरा," ते म्हणाले.

पस्तीस वर्षांत त्यांनी एकही क्रमांक गाळला नव्हता. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते टॉर्चकडे बघत होते.

एकेचाळीस झाल्यावर वही माझ्यापुढे आली. माझ्या हाताला सवय आहे.